चुलत आजोबांची एमजीए: कधी बनली, कोणतं मॉडेल, मूळचं काय उरलंय?

साखळीकर_नातू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे जुन्या गाड्यांतले जाणकार बरेच दिसतात, म्हणून विचारतोय.

गोव्यात साखळीजवळ आमचं गावचं घर आहे. तिथल्या शेडमध्ये चुलत आजोबांची एमजीए, म्हणजे एमजी या इंग्लिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स गाडी, उभी आहे. दोन सीट, उघडा टप, उजवीकडे स्टेअरिंग, तारांची चाकं. आजोबा खनिजाच्या धंद्यात होते. गाडी पोर्तुगीज अमदानीत घेतली. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते असं: ५७ साली मुरगाव बंदरात उतरली, ट्विन कॅम (दोन कॅमशाफ्टच्या इंजिनाचं खास मॉडेल) आहे, अख्ख्या गोव्यात दुसरी नव्हती.

आता कागद बघा. आरसीवर जीडीए मालिकेतला नंबर, आणि उत्पादनाचं साल १९६२. डिकीवर बिल्ला '१६००'. बोनेट उघडलं की आत अँबेसिडरचं इंजिन, ते सत्तरच्या दशकात बसवलं एवढं वडिलांना आठवतं. चार ठिकाणी विचारलं तर चार उत्तरं, अशी गत आहे.

गाडी माझ्या नावावर करायची आहे आणि नव्या नियमातली विंटेज नोंदणीही करायची आहे. गॅरेजवाला म्हणतो, चतुर्थी झाली की आणा, आधी सगळा रंग सोलून पत्रा उघडा करू, मग ठरवू. सध्याचा लाल रंग मूळचा नाही, हे मलाही दिसतंय.

ही गाडी नक्की कधी बनली आणि कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती, हे आज कळू शकतं का? पावसाचे दिवस आहेत, त्यामुळे गाडी हलवायची घाई नाही.

कुळागर

वाचतोय. फोटो टाका हो आधी!

फिरकीवाला

मुंबईत अशा गाडीला चांगलं गिऱ्हाईक मिळतं. अँबेसिडरचं इंजिन आहे हे आधी सांगू नका म्हणजे झालं. :)

टप्पेट

फिरकीवाले, तुमचा प्रतिसाद पुढच्या गिऱ्हाइकाने वाचला नाही म्हणजे मिळवलं.

धागाकर्ते, पहिलं काम: गॅरेजवाल्याला फोन करून सांगा, रंगाला हात लावायचा नाही. तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या रंगाच्या थरांत आहेत. एकदा सोलला की जगातला कुठलाही तज्ज्ञ ती परत आणून देणार नाही.

आता मॉडेलचं. एमजीए सप्टेंबर १९५५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली आणि १९६२ पर्यंत इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत राहिली. एकूण १,०१,०८१ गाड्या. त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या, अमेरिकेत सगळ्यात जास्त. पहिली १५००, तिचं इंजिन १४८९ सीसी. १९५९ मध्ये १६०० आली, १५८८ सीसी. १९६१ मध्ये १६०० मार्क टू, १६२२ सीसी. ट्विन कॅम हे वेगळं प्रकरण, १९५८ ते १९६०, फक्त २,१११ गाड्या.

म्हणजे ५७ साल आणि ट्विन कॅम या दोन गोष्टी एका वाक्यात बसतच नाहीत. ५७ साल आणि १६०० हेही नाही. पण बिल्ला कोणीही लावू शकतं, म्हणून बिल्ल्यावर जाऊ नका.

चेसिस नंबर सरळ हिशेबाने चालतात. १५०० ची मालिका १०१०१ पासून ६८८५० पर्यंत. तिथून लगेच १६००, म्हणजे ६८८५१ ते १००३५१. मार्क टू १००३५२ ते १०९०७०. ट्विन कॅमची मालिकाच निराळी, तिच्या नंबराआधी वायडी असतं. बोनेटखाली, बल्कहेडवर (इंजिन आणि सीटांच्या मधली पत्र्याची भिंत), चेसिस नंबरची छोटी पट्टी असते. ती आहे का बघा. रंगाने बुजली असेल तर खरवडू नका. थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा ठेवा आणि धीर धरा. पट्टीवरचे आकडे दाबून उठवलेले असतात, खरवडले की तेच आधी जातात.

साखळीकर_नातू

पट्टी आहे! पण लाल रंगाखाली, आणि रंग भरपूर जाड. शनिवारी गावी जातोय.

तोवर एक विचारतो. आरसीवरचं १९६२ हे सरकारी कागदावर लिहिलेलं आहे, ते चूक कसं असेल?

आबोली

पणजीहून. चूक असेलच असं नाही, पण ते गाडीचं वय नसणार. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज अमदानीतल्या गाड्यांना नंतर भारतीय नंबर मिळाले. त्या वेळी ज्याच्याकडे जो कागद होता त्यावरून नोंद झाली, कागद नसेल तर मालकाने सांगितलं ते लिहिलं, आणि तेही नसेल तर नोंदणीचंच साल उत्पादनाच्या रकान्यात गेलं. आमच्या शेजारच्या एका जुन्या ओपेलचीही हीच कथा आहे. १९६२ म्हणजे नव्या सरकारला ही गाडी पहिल्यांदा दिसली ते साल.

घरात जुना पोर्तुगीज कागद आहे का बघा, लिव्रेत म्हणतात त्याला. गाडीची छोटी पुस्तिका असते. जुन्या घरांत जमिनीच्या कागदांबरोबर ट्रंकेत सापडते. कोणी टाकून देत नाही, कारण वाचता येत नाही, म्हणून महत्त्वाचं असेल असं सगळ्यांना वाटतं.

डबलक्लच

आबोलीताई :D आमच्या घरी अशी एक ट्रंक आहे, तिच्यात फक्त झुरळांची औषधं आणि आफोंसाव्ह मेंदिस म्हणून कोणाचं तरी लग्नाचं आमंत्रण.

लोखंडी_पाना

ट्विन कॅमचा निकाल पट्टी न वाचताही लावता येतो. गाडीला तारांची चाकं आहेत म्हणता. ट्विन कॅमला डनलॉपची पत्र्याची भोकांची चाकं असत, मधल्या एकाच नटाने बसणारी, आणि चारी चाकांना डिस्क ब्रेक. साध्या १६०० ला डिस्क फक्त पुढे, लॉकहीडचे, मागे ड्रम. १५०० ला चारी बाजूंना ड्रम. तेव्हा चाकांतून आत बॅटरी मारा आणि सांगा.

घोळ घालणारी एक जात आहे. ट्विन कॅम बंद पडल्यावर तिच्या उरलेल्या चेसिसवर साधी इंजिनं बसवून काही गाड्या विकल्या गेल्या, त्यांना डीलक्स म्हणतात. त्यांना चारी डिस्क आणि साधं इंजिन. पण त्या फार थोड्या. मागे ड्रम असेल तर तोही विषय मिटला.

मागचे दिवेही बघा. १५०० मध्ये इंडिकेटरचं काम ब्रेकचाच दिवा करायचा. १६०० मध्ये इंडिकेटरचा वेगळा दिवा आला आणि दिव्यांचा चौथरा बदलला. मार्क टू मध्ये दिवे आडवे, डिकीच्या झाकणाखाली बसवलेले, आणि पुढच्या जाळीच्या उभ्या पट्ट्या आत खोल गेलेल्या. मार्क टू फोटोतही लगेच ओळखू येते.

ट्विन कॅम हे नाव घराघरांत का पसरलं याचा माझा एक अंदाज आहे. एमजीएच्या साध्या इंजिनालाही दोन एसयू कार्बोरेटर असतात. दोन कार्बोरेटर बघितले की बघणारा 'ट्विन' म्हणून मोकळा. मी अशा तीन 'ट्विन कॅम' गाड्या बघितल्या, तिन्ही नव्हत्या.

साखळीकर_नातू

गावाहून परत. खूप काही आहे, सांगतो.

पुढे डिस्क, मागे ड्रम. मागचे इंडिकेटर वेगळे. चाकांच्या तारा मोजल्या, ४८ आहेत.

पट्टी निघाली. टप्पेट यांच्या सांगण्याप्रमाणे बोळा ठेवून बसलो, काका म्हणाले ही कसली पूजा चाललीय. रंगाचे थर एकेक करून सुटत गेले आणि अक्षरं दिसली: जीएचएन, आणि पुढे ७२ हजारांच्या घरातला आकडा. पूर्ण नंबर इथे टाकत नाही.

इंजिनाच्या मूळ पट्टीचा पत्ता नाही, आता अँबेसिडरचा नंबर आहे. पण माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेले दोन एसयू कार्बोरेटर सापडले, इनटेकच्या पायपासकट. आजी म्हणते, ते 'गाडीचे आहेत, हात लावू नको' म्हणून आजोबांनी ठेवले होते.

ट्रंक उघडली. लिव्रेत नाही. :( जमिनीचे कागद भरपूर.

टप्पेट

वा! अर्धी लढाई झाली.

जीएचएन: जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा आकार १४०० ते १९९९ सीसी, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी. डाव्या स्टेअरिंगची असती तर शेवटी एल लागला असता. मार्क टू असती तर जीएचएन२. म्हणजे उजव्या स्टेअरिंगची मूळ १६००, नंतर लावलेला बिल्ला नाही.

आता सालाचा हिशेब. १६०० ची बांधणी १९५९ च्या मे अखेरीपासून १९६१ च्या वसंतापर्यंत चालली, दोन वर्षांपेक्षा कमी काळात ३१,५०१ गाड्या. ७२ हजार म्हणजे मालिकेतली साधारण तीन-चार हजारावी गाडी. गाडी १९५९ च्या उन्हाळ्यातली किंवा त्या शरदातली, त्याच्या पलीकडची नाही. आता १९५७ ही नाही आणि १९६२ ही नाही.

नेमकी तारीख हवी असेल तर इंग्लंडमध्ये वॉरिकशरमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. ॲबिंग्डनच्या नोंदवह्या त्यांच्या संग्रहात आहेत. चेसिस नंबर देऊन आणि शुल्क भरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यात बांधणीची तारीख, कारखान्यातून कधी निघाली, कुठे पाठवली, रंग, आतली शिवण, मूळ इंजिनाचा नंबर आणि जास्तीचं काय बसवलं होतं ते असतं. आज गाडीत काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. वहीत जे लिहिलंय तेच.

कुळागर

१९५९ साली गोव्यात एमजी! त्या काळी म्हणे इथे परदेशी वस्तूंचा सुकाळ होता. आमचे आजोबा सांगायचे, सीमेपलीकडे बेळगावला मिळत नाही ते पणजीत मिळायचं.

आबोली

तसंच होतं. ५५ पासून भारताने आर्थिक नाकेबंदी केली, सीमा बंद झाली. मग गोव्यात सगळं समुद्रमार्गे यायला लागलं. त्याच वेळी लोखंडाच्या खनिजाची निर्यात वाढली, खाणमालकांच्या हातात पैसा आला, आयात मोकळी. सिगारेटी, रेडिओ, घड्याळं, चीज, गाड्या. साखळी-डिचोली म्हणजे खाणीचाच पट्टा. तुमच्या आजोबांची गाडी त्याच पैशातली असणार.

डबलक्लच

साखळीकर, डॅशबोर्डचा फोटो टाकलाय त्यात स्पीडोमीटर किलोमीटरचा दिसतोय. तो मूळचा का नंतर बदललेला?

साखळीकर_नातू

नंतर बदललाय असं कोणाला आठवत नाही. स्मिथ्सचा आहे, काचेची कड गंजलेली. काटा ० वर अडकलाय.

डबलक्लच

मग हा सगळ्यात मोठा धागा आहे. (धाग्यातला धागा!)

उजवं स्टेअरिंग आणि किलोमीटरचा स्पीडोमीटर ही जोडी विचित्र आहे. उजवं स्टेअरिंग घेणारे बहुतेक देश तेव्हा इंग्रजांच्या सावलीतले: इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, केनिया, आणि सगळीकडे मैल. किलोमीटर मोजणारे बहुतेक देश उजव्या बाजूने गाडी चालवणारे, त्यांना डावं स्टेअरिंग. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचं आणि अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं, अशा जागा मोजक्याच. पोर्तुगालने १९२८ मध्ये बाजू बदलली, पण गोवा आणि मोझांबिक डावीकडेच राहिले, कारण शेजारी इंग्रजांचे प्रदेश होते. मकावही तसंच.

म्हणजे स्पीडोमीटर मूळचा असेल तर गाडी पोर्तुगीज वसाहतीसाठीच बनली, असं म्हणायला जागा आहे. फक्त कोणत्या वसाहतीसाठी ते त्यावरून कळत नाही.

लोखंडी_पाना

डबलक्लच, उत्तम! हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, मी अजून चाकांतच अडकलो होतो.

आता रंग. या गाडीच्या डॅशबोर्डचा पत्रा गाडीच्याच रंगाचा असायचा, मार्क टू मध्ये तो झाकला गेला. म्हणून स्पीडोमीटर काढा. त्याच्या कडीखाली गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग सापडतो, कारण पुन्हा रंग मारणारे घड्याळं न काढता कागद चिकटवून मोकळे होतात. मागच्या दिव्यांच्या चौथऱ्याखाली बघा, दारांच्या आतली पॅनेलं काढून बघा, डिकीत स्टेपनीमागे बघा. प्रत्येक जागी नखाएवढा भाग बारीक पॉलिश पेपरने तिरका घासा, थर कड्यांसारखे दिसतात. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा.

१६०० चे रंग आठवतात ते: आयरिस ब्लू, शॅरियट रेड, अलामो बेज, डव्ह ग्रे, ओल्ड इंग्लिश व्हाइट आणि काळा. त्यातले आयरिस ब्लू आणि शॅरियट रेड १६०० बरोबरच आले. १५०० मध्ये लाल म्हणजे ओरिएंट रेड, आणि निळा म्हणजे ग्लेशियर ब्लू. तळाशी आयरिस ब्लू निघाला तर १६०० चा आणखी एक पुरावा.

चुंबकही घेऊन जा. एमजीएचं बोनेट, डिकीचं झाकण आणि दारांचे बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमचे असतात, बाकी अंग लोखंडी. दारावर चुंबक चिकटलं तर दार बदललंय. मडगार्डवर चिकटलं नाही तर खाली पत्रा नाही, लांबी (भरावाची पुट्टी) आहे, आणि गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात ती भरपूर असणार.

फिरकीवाला

आणि जिथे चुंबक चिकटत नाही, लांबीही नाही, ॲल्युमिनियमही नाही, तिथे हात आरपार जातो. स्वानुभव.

साखळीकर_नातू

सगळं केलं.

बोनेट, डिकी, डावं दार ठीक. उजव्या दारावर चुंबक घट्ट चिकटतं. काकांना विचारलं तर म्हणाले, हो, एकदा रानडुक्कर... पुढे काही सांगेनात.

मडगार्डांच्या खाली, चाकामागे, लांबीच लांबी.

स्पीडोमीटर काढला. लाल, त्याखाली पांढरा, त्याखाली करडा प्रायमर, आणि सगळ्यात खाली निळा. फिका, थोडा राखाडीकडे झुकणारा. डिकीतही तोच. दाराच्या पॅनेलामागे फक्त डाव्या दारात निळा, उजव्यात थेट प्रायमर आणि लाल. म्हणजे उजवं दार रानडुकराच्या नंतरचं.

सीटखालच्या फळ्या उचलल्या तर हातात भुगा आला. या गाडीचा तळ लाकडाचा असतो? मला वाटलं कोणी जुगाड केलाय.

टप्पेट

लाकडाचाच. प्लायवूडच्या फळ्या, चेसिसवर स्क्रूने बसवलेल्या. कारखान्यातूनच तशा. वाळवीला मेजवानी.

सीटमागे झाकणाखाली बॅटरीच्या जागाही बघा. मूळच्या दोन असत, प्रत्येकी ६ व्होल्टच्या, शाफ्टच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि अर्थिंग पॉझिटिव्ह. आपल्याकडे बहुतेकांनी एक १२ व्होल्टची टाकून अर्थिंग उलटं केलं. डायनॅमो, सेल्फ, वायपरची मोटर काढलीच तर त्यांच्या बॉडीवर लुकासचे आकडे बघा. महिना आणि साल ठोकलेलं असतं. १९५९ च्या मधल्या तारखा निघाल्या तर ते भाग गाडीबरोबरचे. ७० च्या पुढच्या निघाल्या तर अँबेसिडरबरोबर आलेले.

जाई_जुई

मी गाड्यांतली नाही, पण धागा सोडवत नाही. एक शंका: अँबेसिडरचं इंजिन या स्पोर्ट्स गाडीत बसलं कसं?

टप्पेट

जाई_जुई, हे आपल्या देशातलं सगळ्यात गोड गुपित आहे. एमजीएचं इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, एमजी आणि मॉरिस दोन्ही तिच्याच) बी सीरिज. अँबेसिडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री. तिलाही साठच्या आसपास साइड व्हॉल्व्हच्या जागी हेच बी सीरिज मिळालं, १४८९ सीसीचं, आणि पुढची तीस वर्षं तेच चाललं. १५०० एमजीएचं इंजिन आणि अँबेसिडरचं इंजिन ही सख्खी भावंडं. १५८८ मध्ये फक्त सिलिंडर मोठा, ७३ च्या जागी ७५.४ मिलिमीटर, स्ट्रोक दोघांचा एकच. म्हणून भारतात एमजीचं इंजिन निकामी झालं की मेस्त्री सरळ अँबेसिडरच्या गॅरेजात जायचा. फरक कॅम, कॉम्प्रेशन आणि कार्बोरेटरचा. एमजीएला दोन, अँबेसिडरला एक. १६०० चं इंजिन ८० च्या आसपास अश्वशक्ती देतं, अँबेसिडरचं त्याच्या पुष्कळ खाली.

फिरकीवाला

मग सोपं आहे की. माळ्यावरचे दोन कार्बोरेटर लावा, बाजारात मिळते ती १६जीए लिहिलेली नवी पट्टी रिव्हेट करा, काम फत्ते. कोणाला कळणार?

लोखंडी_पाना

कार्बोरेटर जरूर लावा. पट्टी बिलकूल नाही. इंजिनाची मूळ पट्टी ब्लॉकला रिव्हेटने लावलेली असते, त्यामुळे ती काढणं-घालणं सोपं आणि म्हणूनच बाजारात खोट्या पट्ट्यांचा सुळसुळाट. पण सर्टिफिकेटमध्ये मूळ इंजिनाचा पूर्ण नंबर येणार. तुमची बाजारातली पट्टी त्याच्याशी जुळणार नाही. जुळवून छापून घेतली तर ती सरळसरळ बनावट. पुढे नातवाच्या नातवाला कोर्टात उभं राहावं लागेल.

जाई_जुई

पण मग विंटेज नोंदणी होईल का? मूळ इंजिन नाही तर?

आबोली

जुलै २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेत असं आहे: ५० वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. नवीन नोंदणीला राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' येतं, पण आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. साखळीकर, तुमचा जीडीए नंबर सोडू नका, तोच तुमचा गोव्यातला दाखला. रोज बाजारात न्यायला किंवा भाड्याने द्यायला ही नोंदणी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल यांसाठी रस्त्यावर आणता येते.

इंजिनाचं लपवू नका. कधी बदललं, का बदललं, कोणतं बसवलं, हे अर्जात लिहा. त्याच कुळातलं इंजिन आहे हे टप्पेट यांनी वर छान सांगितलंय, तेच मांडा. निर्णय तपासणी करणारे घेतील. खरं लिहिलेली फाइल नंतर कोणी उलटवू शकत नाही.

टप्पेट

मी थोडा वेगळा विचार करतो. १५८८ चं इंजिन जगात अजून मिळतं, इंग्लंडात बऱ्यापैकी. आणून बसवलं तर गाडी निदान आपल्या मापाची होईल. नंबर जुळणार नाही, पण जात जुळेल.

लोखंडी_पाना

आणि सीमाशुल्क कोण भरणार, तुम्ही? पन्नास वर्षं हे अँबेसिडरचं इंजिन त्या गाडीत चाललंय. आता तोही तिचा इतिहास आहे. माझं मत: ठेवा.

साखळीकर_नातू

सर्टिफिकेट आलं!

बांधणी: ऑगस्ट १९५९. टप्पेट यांचा हिशेब नेमका लागला. रंग: आयरिस ब्लू. आत काळं. उजवं स्टेअरिंग. स्पीडोमीटर किलोमीटरचा, वहीत तसंच नोंदलेलं. तारांची चाकं जास्तीची म्हणून लिहिली आहेत. हीटर नाही. बल्कहेडवर हीटरच्या जागी गोल झाकण आहे, मला ते तुटक्या भागाची जागा वाटत होती. मूळ इंजिनाचा नंबर १६जीए/यू/एच ने सुरू होतो.

आता धक्का. पाठवलेलं ठिकाण गोवा नाही. लोरेन्सो मार्किस, मोझांबिक.

डबलक्लच

आफ्रिका!! बघा, स्पीडोमीटर खोटं बोलला नाही, फक्त अर्धंच बोलला.

कुळागर

लोरेन्सो मार्किस म्हणजे आजचं मापुतो. तिथे गोवेकर भरपूर होते. आमच्याही घरचे एक मामा तिथे कारकून होते.

आबोली

मग बोटीने मुरगावला उतरली हे घरचं म्हणणं शाबूत आहे, फक्त इंग्लंडहून नाही. ऑगस्ट १९५९ नंतर आणि डिसेंबर १९६१ च्या आधी. मोझांबिकमधून सुटीवर आलेल्या किंवा कायमच्या परतलेल्या कोणाची तरी असेल, तुमच्या आजोबांनी ती इथे विकत घेतली. पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रं आहेत. 'ओ हेराल्दो'चे १९५९ ते ६१ चे अंक चाळा, गाड्या विकणे-घेणेच्या जाहिराती बघा. पुराभिलेख खात्यातही विचारा. आणि आरसी दुसऱ्याच्या नावावर होताना काही घडलं असेल तर १९६२ मध्ये सुरू झालेल्या 'गोमन्तक'चे पहिले अंकही बघा.

पण सगळ्यात आधी आजीला विचारा. आजोबा गेले, कागद गेला, आजी आहे.

साखळीकर_नातू

आजीला विचारलं. आधी ती रुसली, 'सेकंडहँड' हा शब्दच तिला आवडला नाही. म्हणाली, तुझे आजोबा सेकंडहँड काही घ्यायचे नाहीत. मग दुपारच्या चहाला आपणहून म्हणाली, एक डॉक्टर होते, आफ्रिकेहून आले होते, मडगावकडचे. त्यांची बायको ती गाडी चालवायची, डोक्याला रुमाल बांधून. पुढे ते लिस्बनला गेले. गाडी तेव्हा निळी होती का, विचारलं, तर म्हणाली, निळीच, लाल मागाहून तुझ्या काकाने केली.

काका चहा घेऊन बाहेर गेले.

नाव तिला आठवत नाही. ग्रंथालयात जाईन, पण आधी गाडीचं ठरवतो. रंग पूर्ण सोलणार नाही. मडगार्डांतली लांबी काढून गंज कापून पत्रा लावायचा, तिथेच काय तो उघडा करायचा. मग आयरिस ब्लू. स्पीडोमीटरच्या कडीखालचा आणि स्टेपनीमागचा मूळ निळा हात न लावता तसाच ठेवायचा, नवा रंग त्याच्याशी जुळवून घ्यायचा. माळ्यावरचे कार्बोरेटर अँबेसिडरच्या इंजिनावर. उजवं दार लोखंडीच राहू दे, असं काकांना सांगितलंय.

लोखंडी_पाना

रंग जुळवायला नमुना दिवसाच्या उजेडात बघा, गॅरेजातल्या ट्यूबलाइटखाली नाही. आयरिस ब्लू दुकानाच्या उजेडात एकदम वेगळा दिसतो आणि मग गाडी घरी आणल्यावर भांडणं होतात. स्पीडोमीटरच्या कडीखालचा भाग उन्हाला लागलेला नसतो, म्हणून जुळवायला तोच घ्या. डिकीच्या बाहेरचा नको.

टप्पेट

दोन कार्बोरेटर लावताना सुया आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट बघून घ्या. अँबेसिडरच्या कॅमवर एमजीच्या सुया जरा जास्त पेट्रोल ओततात. आणि चतुर्थीला नका आणू गाडी, गॅरेजवाला तेव्हा मखर करत असतो.

साखळीकर_नातू

:D बरं, तुलसी विवाहानंतर.

तळाच्या फळ्यांसाठी मरीन प्लाय घ्यायचं का साधं? आणि जाडी?

टप्पेट

मरीन. वाळवीचं औषध मारून, कडा एपॉक्सीने बुजवून, खालून काळा रंग. जाडी अंदाजाने घेऊ नका. भुग्यात एखाद्या स्क्रूखाली शाबूत तुकडा सापडतोच, तो मोजा. जाडी चुकली की सीटचे रूळ वर येतात आणि हुडाखाली डोकं लागतं. जुन्या फळ्या टाकू नका, भोकांच्या जागा आखायला लागतील.